पणजीच्या नावाचं ताट

अकोला, रविवार, १ जानेवारी १८६५

मोजमापाच्या वह्यांतली एक वही बाबांनी मला दिली. पहिल्या चार पानांवर मोर्णा नदीवरच्या पुलाच्या पायाची लांबी, रुंदी, खोली आहे. पाचव्या पानापासून माझं लिहिणं.

कुणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही नाव लिहावंसं वाटतं. मी रिबका दाऊदजी नवगावकर, वय सतरा पूर्ण. गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या मिशन शाळेतून शिक्षिकेची परीक्षा पास झाले. आमच्या घराण्यात परीक्षा पास होणारी मी पहिली, मुलगे धरूनसुद्धा. बाबा ते प्रशस्तिपत्र आल्यागेल्याला दाखवतात. आई म्हणते, ते पत्र पाहून स्थळ येत नाही, आलेलं परत जातं.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात आमचे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आता कुणी पलटणीत आहेत, कुणी रेल्वेत. बाबा रेल्वेच्या बांधकामावर ओव्हरसियर होऊन वऱ्हाडात आले आणि दिवाळीनंतर त्यांनी आम्हां दोघींना बोलावून घेतलं. अकोल्यात आमची सात घरं. शेजारच्या पार्वताबाईंनी पहिल्याच दिवशी आईला विचारलं, तुमचा देव कोणता. आई म्हणाली, एकच आहे आणि त्याची मूर्ती नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "बरं हाये बाप्पा, धुवापुसाचं काम नाई."

या पेठेत मुलींसाठी शाळा नाही. पाऊस पडायच्या आत मी ती काढणार. अजून जागा नाही, पाट्या नाहीत, मुली नाहीत. मी आहे, एवढं तूर्त पुरे.

मंगळवार, १० जानेवारी

काल आमच्याकडे मलिदा झाला. बाबांना पुलाचं काम मिळालं तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन असं आई बोलली होती. पोहे, गूळ, खोबरं, वेलची एकत्र कालवून त्याची रास ताटात रचायची, वर पाच फळं ठेवायची, प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी वाटून खायचं. त्याला लागणारं ताट आमच्या घरात एकच आहे. चांदीचं, जड, एका बाजूला पोचा आलेलं. काठावर आमच्या शास्त्राच्या इब्री भाषेतल्या दोन ओळी आहेत. माझ्या पणजीने, म्हणजे आईच्या आजीने, ते रेवदंड्याला घडवलं आणि कोचीहून आलेल्या एका गुरुजींनी त्यावर अक्षरं कोरून दिली. लग्नात ते आईकडे आलं. एरवी आमचं सगळं तांब्यापितळेत चालतं. शुक्रवारी सांजेला शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, आशीर्वादसुद्धा बाबा पितळी पेल्यावर म्हणतात, आणि पेल्यात मनुकांचं सरबत असतं.

पुलाचे इंजिनिअर साहेब आले होते. त्यांच्याबरोबर त्यांचे एक स्नेही होते, अमरावतीला कापसाची खरेदी करणारे साहेब. हे दुसरे साहेब मलिद्याकडे बघेनात, ताटाकडेच बघत राहिले. सगळं वाटून झाल्यावर त्यांनी ताट मागून घेतलं, रुमालाने पुसलं आणि उजेडात धरून काठ बोटाने चाचपला. मग हिंदुस्तानीत बाबांना म्हणाले की यहुदी लोकांची पूजेअर्चेची भांडी जमवण्याचा आपल्याला छंद आहे; बगदादची आहेत, कोचीची आहेत, विलायतेतली आहेत, पण कोकणातलं असं एकही नाही. हे विकता का?

बाबांनी नम्रपणे नाही म्हटलं. तिथेच विषय संपला असता, पण शाळेबद्दल मी मध्येच बोलले. बोलायला नको होतं की काय, अजून ठरत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, अकोल्यात आपल्या कापसाच्या वखारीपुढे दोन खोल्या आणि पडवी रिकामी पडून आहे. ताट आपल्या कपाटात आलं तर ती जागा दहा वर्षांसाठी मुलींच्या शाळेला लिहून देऊ.

दोन खोल्या! आणि पडवी.

गुरुवार, १२ जानेवारी

दोन दिवस घरात हाच विषय. मी माझी बाजू मांडली. ताट वर्षातून दोनदा बाहेर निघतं, शाळा रोज भरेल. मलिदा पितळी परातीत केला तर एलियाहू हन्नाबी रागावणार आहेत का? आणि पणजीला अक्षर येत नव्हतं. तिच्या ताटाच्या बदल्यात पन्नास मुलींना अक्षर येईल, याहून मोठा मलिदा कोणता? बाबा मान डोलावत होते. इंजिनिअर साहेबांच्या स्नेह्यांना नाही म्हणणं त्यांना जड जात आहे, हेही मला दिसतं.

आई एवढंच म्हणाली, "ते ताट मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही कधी दिलं नाही." आणि भाजी चिरायला गेली.

दुपारी मी ताट काढून काठावरची अक्षरं लावून पाहिली. मुंबईला थोडी इब्री शिकले आहे. आईला आजवर वाटत होतं की ते शास्त्रातलं वचन आहे. ताट काढताना आणि ठेवताना ती अक्षरांवरून बोटं फिरवून डोळ्यांना लावते. ते वचन नाहीच. तिथे लिहिलं आहे, "सिम्हा, एलोजीची पत्नी, राहणार नवगाव, हिने हे ताट करवलं." खाली वर्ष. या ओळी जशाच्या तशा मी या पानाच्या मागे उतरवून ठेवल्या आहेत.

मी आईला वाचून दाखवलं. ती खाली बसली.

"म्हणजे इतकी वर्षं मी आजीलाच डोळ्यांना लावत होते," असं म्हणाली. मग तिने विचारलं, "त्यात देवाचं नाव नाही? एकदाही?"

"नाही."

"नीट बघ, रिबका."

मी पुन्हा एकेक अक्षर लावलं आणि नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता तिचा ताटावरचा जीव थोडा सुटेल. वचन नाही, साधं मालकीचं नाव आहे. शिक्षणाचा हाच उपयोग, माणसाचे गैरसमज दूर होतात.

अमरावती, रविवार, ५ फेब्रुवारी

परवा सकाळी बैलांच्या दमणीतून निघालो. कालचा शब्बाथ मूर्तिजापुरात एका ओळखीच्या घरी काढला आणि आज इथे पोहोचलो. बाबांनी होकार कळवल्यावर साहेबांनी त्यांना आणि मला बोलावलं होतं, वखारीच्या जागेचा कागद करण्याआधी माझी परीक्षा घेण्यासाठी असं मला वाटलं. परीक्षा काही झाली नाही.

वाटभर कापसाच्या गाड्या. अमेरिकेतली लढाई सुरू झाल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलंय म्हणतात, ते डोळ्यांनी पाहिलं. एका गाडीच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या आणि गाडीवानाच्या पायात जोडा नव्हता.

साहेबांच्या बंगल्यात काचेचं एक मोठं कपाट आहे. त्यात सगळं आमचं. मनोऱ्यासारखी मसाल्याची डबी. शब्बाथ संपताना तिचा वास घेतात असं मी ऐकलं होतं, पाहिली आज. आठ दिव्यांची दिवटी. पेसाहच्या सणाचं खणाखणांचं तबक. आशीर्वादाचे सहा-सात प्याले. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर आकडा. आमच्या वस्तू इतक्या सुंदर असू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं.

एका प्याल्याचा काठ एकाच जागी झिजून पातळ झाला होता. किती ओठ लागले असतील! मी विचारलं, हा कुणाच्या घरचा? साहेबांनी गाव सांगितलं, साल सांगितलं, घराचं नाव त्यांना माहीत नव्हतं. असो, प्याला तर जतन झाला. आमच्याकडे असता तर एव्हाना मोडीत गेला असता.

साहेब म्हणाले, चांदी काय कुठेही मिळते, आपण चांदी जमवत नाही. त्या दोन ओळींमुळे ताटाला किंमत आहे. ओळी नसत्या तर आपण वाकूनही पाहिलं नसतं. ठरलं असं की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते अकोल्याला येतील, ताट नेतील आणि कागदावर सही करतील.

अकोला, गुरुवार, ९ फेब्रुवारी

आईला कपाटाचं सगळं वर्णन करून सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच विचारलं, "त्या प्याल्यांवर आशीर्वाद कोण म्हणतं?"

मी म्हटलं, कुणी नाही, साहेब ख्रिस्ती आहेत.

"मग शुक्रवारी ते काय करतात?"

"कोण, साहेब?"

"प्याले."

मी हसले. आई हसली नाही. मग तिने साहेब ताटाबद्दल नेमकं काय म्हणाले ते दोनदा सांगायला लावलं. ओळी नसत्या तर वाकूनही पाहिलं नसतं, हे वाक्य तर तीनदा. ताटाची एवढी थोरवी ऐकून तिला बरं वाटलं असावं.

बुधवार, १५ फेब्रुवारी

चार दिवस घरोघर फिरते आहे. सगळ्यांत आधी पार्वताबाई. त्यांचे यजमान भगवंतराव हिवरखेडचे. तिथे जमीन, आणि कापसाच्या दोन हंगामांवर इथे नवं घर. थोरल्या मुलीचं लग्न या महिन्यात आहे आणि महिनाभर सोनार त्यांच्याच ओसरीवर भाता फुंकत बसलाय. धाकटी शकुन आठ वर्षांची. मी तिला मागितलं.

भगवंतराव सुपारी कातरत होते. म्हणाले, "पोरी शिकून काय कापसाचा भाव ठरवतीन?"

पार्वताबाई आतून म्हणाल्या, "तुमी तरी ठरवता का? तो साहेब ठरवते अन् तुमी मान हालवता."

शकुन येणार. तिच्यामागून आणखी दोघी. मग एका वकिलांच्या घरच्या, मग गोदावरी नावाच्या विधवा बाई आहेत, त्यांच्या दोन पुतण्या. एका घरात मला सांगण्यात आलं की ज्यांच्या चुलीला शनिवारी सुट्टी त्यांच्या डोक्यालाही सुट्टीच असणार. तिथे पुन्हा जाईन.

आज अकरा नावं झाली.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

आज एक नवल घडलं. उद्या पार्वताबाईंकडे लग्न. त्यांना रुखवतात मांडायला भारी ताट हवं होतं, आणि आईने आपणहून पणजीचं ताट त्यांना दिलं. मी घरात नव्हते, बाबांनी सांगितलं. दोघी जणी परसात बराच वेळ बोलत होत्या म्हणे, आणि पार्वताबाई जाताना ताट पदराखाली झाकून घेऊन गेल्या.

जे ताट सख्ख्या बहिणीला दिलं नाही ते शेजारणीला दिलं! मी आईचा हात धरून तिचं कौतुक केलं. वस्तूवरचा मोह सुटू लागला की माणूस असा मोकळा होतो. मी महिनाभर बोलत होते ते वाया गेलं नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहिणार.

दुपारी पार्वताबाई ताट परत घेऊन आल्या. इकडे नेलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून त्यांनी ते गूळ-खोबऱ्याने भरलं होतं. वर फडकं. फडकं काढल्यावर ताट असं चकाकलं की मी डोळे मिटले. पोचा ठोकून सारखा केला होता. मी गूळ-खोबरं परातीत उपसलं आणि काठ पाहिला.

काठ कोरा होता. आरशासारखा. माझा चेहरा त्यात दिसत होता, ताणलेला.

मी विचारलं, अक्षरं कुठे आहेत?

पार्वताबाई म्हणाल्या, "सोनार घरीच होता, म्हनलं जुनं ताट हाये, उजळून दे. त्यानं खरवडून मस्त ओप देल्ला. म्या त त्याले—" आणि आईकडे बघून थांबल्या.

मी खूप बोलले. अडाणी म्हणाले. माझ्या पणजीचं नाव तुम्ही पुसलंत म्हणाले. अकरा मुलींची शाळा बुडवलीत म्हणाले. त्यांनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. एरवी त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्या नाहीत.

शेवटी आई म्हणाली, "त्यांना काय ठाऊक, रिबका. ओरखडे वाटले असतील."

पार्वताबाईंनी आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हाव. ओरखडेच वाटले मले."

आणि गेल्या.

मला सगळ्यांत दुःख याचं की आई रडली नाही. तिने ताट कापडात गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिलं. मी जे नाव वाचून दाखवलं त्याचं तिला काहीच मोल नव्हतं, असं वाटून मला तिचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

सोमवार, २७ फेब्रुवारी

आईने आज रोजा, म्हणजे उपास, धरला आहे. आज कुठलाच रोजा नाही. विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय.

मंगळवार, ७ मार्च

पार्वताबाईंकडे गेले नाही, त्याही आल्या नाहीत. पेठेत बातमी मात्र पोहोचली: भगवंतरावाच्या बायकोने यहुद्यांचं देवाचं ताट खराब केलं. मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी माझा आवाजच तेवढा चढला होता.

साहेबांना कळवावं की येऊ द्यावं? कळवलं नाही. कदाचित ते म्हणतील, ताट तर तेच आहे. असंही मनात येतं की मीच काही म्हणू नये. मग स्वतःची शरम वाटते. आल्यावर खरं सांगायचं, हे नक्की.

सोमवार, १३ मार्च

साहेब आले. कागद तयार करून आणला होता. मी तो दुरून वाचला: दोन खोल्या, पडवी, दहा वर्षं.

बाबांनी ताट पुढे ठेवलं आणि मी झालं ते सगळं सांगितलं. साहेबांनी ताट फिरवून पाहिलं, एकदाच, आणि घडवंचीवर ठेवलं. रुमालाने पुसलं नाही. म्हणाले, असं ताट आता वऱ्हाडात कापूसवाल्या कुठल्याही पाटलाच्या घरी मिळेल.

मी धीर करून म्हटलं की ठराव ताटाचा होता आणि ताट समोर आहे. याच ताटात पणजीने मलिदा केला, आईने केला. ते ऐकून त्यांनी मान हलवली. मग जरा विचार करून त्यांनी मला विचारलं, तुला त्या ओळी आठवतात का? लिहून घेतल्या आहेत का?

मी हो म्हटलं.

ते एकदम खुलले. अमरावतीला त्यांच्या ओळखीचा एक कोरणारा आहे. मी ओळी कागदावर काढून दिल्या तर तो तशाच कोरून देईल, थोडं काळं करून झिजल्यासारखंही करून देईल. चिठ्ठीवर जुनंच साल लिहू. जागा ठरल्याप्रमाणे शाळेला.

"लिख दो, बस," ते म्हणाले. "पुराना-नया कौन देखता है?"

आतल्या दारात आई उभी होती. तिच्या हातातली परात खाली पडली. सगळं पीठ जमिनीवर.

साहेबांनी तीन दिवसांची मुदत दिली आहे. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "पूल इंजिनिअर साहेबांचा, ताट तुझ्या आईचं, हात तुझा. मी तुला काहीही सांगणार नाही." त्यांनी काही सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मंगळवार, १४ मार्च

जे मनात आलं ते सगळं लिहून काढते.

यात कुणाचं नुकसान आहे? ओळी खऱ्याच आहेत, नाव खरं आहे, साल खरं आहे. पुसलेलं परत लिहायचं, एवढंच. साहेबांनाही ठाऊक आहे, म्हणजे त्यांना फसवणं नाही. दोन खोल्या आहेत. शकुन रोज अंगणातून हाक मारते, "मास्तरीणबाई, शाळा कधी?" दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नसली तरी ती हाक मारायची थांबली नाही.

मागचं पान उलटून मी ओळी एका कागदावर उतरवल्या. हात चांगला चालला. माझं अक्षर कोचीच्या गुरुजींपेक्षा सुबक आहे असंसुद्धा वाटलं, आणि तिथेच मी थांबले. उद्या कुणी साहेब ते कपाट उघडून पाहतील आणि म्हणतील, पाहा, साठ वर्षांपूर्वीचा हात. तो हात माझा असेल. पणजीने करवलेलं ताट एकदा घडलं आणि एकदा पुसलं गेलं. हे दोन्ही खरं. तिसरं खोटं. मुलींना मी पहिल्या दिवशी सांगणार की लिहिलेलं वाचता आलं म्हणजे कुणी तुम्हांला फसवू शकणार नाही. आणि ते सांगताना ज्या छपराखाली उभी असेन ते फसवण्यासाठी लिहून मिळवलेलं?

तरी दोन खोल्या आहेत.

बुधवार, १५ मार्च

लिहून देणार नाही. साहेबांना पत्र पाठवलं. चार ओळींचं, आभार मानून. ओळी उतरवलेला कागद चुलीत टाकला. या वहीतल्या ओळी ठेवल्या आहेत. त्या जशा वाचल्या तशा आहेत, जुन्या असल्याचा आव त्यांनी आणलेला नाही.

बाबा पत्र घेऊन गेले तेव्हा आईला सांगितलं. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, इतका वेळ की मला अवघडल्यासारखं झालं. मग तिने गहू भिजवायला काढले. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, नारळाच्या दुधात हलवा करायचा म्हणाली. हा हलवा आमच्याकडे नव्या वर्षालाच होतो. मी म्हटलं, शाळेची जागा गेली आणि हलवा कसला? म्हणाली, "गेली तर गेली. खा."

रविवार, १९ मार्च

पार्वताबाई आल्या. मी उठून उभी राहिले. त्या बसल्याही नाहीत.

म्हणाल्या, "माया घरामागं सरकीची कोठी हाये. सरकी काढून घेतो मी उद्या. तथी शाळा भरव."

मी माफी मागू लागले, त्या दिवशी वाट्टेल ते बोलले म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"पार्वतानं ताट खराब केलं म्हनून शाळा गेली असं सारी पेठ म्हनते. म्हनू दे. मले काई नाई वाटत. पन पोरीची शाळा गेली असं नाई म्हनलं पायजे कोनी." मग आईकडे वळून म्हणाल्या, "बरोबर हाये ना वो बाई?"

आईचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, ताटाचं दुःख आता कुठे बाहेर पडतंय.

भगवंतराव कुंपणापलीकडून म्हणाले, "अन् सरकी काय डोक्यावर ठेवू?"

"ठेवा," पार्वताबाई म्हणाल्या. "रिकामंच हाये."

शुक्रवार, ३१ मार्च

दिवे लावायच्या आत भराभर लिहिते, उद्या शब्बाथ, लिहायचं नाही.

कोठी सारवून झाली. भिंतीला एकच झरोका आहे, म्हणून बाबांनी पुलावरच्या सुताराकडून दुसरा पाडून घेतला. इंजिनिअर साहेबांनी बाबांना काही बोल लावला नाही. एकदाच विचारलं, आपला मित्र रागावून का गेला. बाबांनी सांगितलं, मुलीने लिहायला नकार दिला. साहेब हसले म्हणे, आणि पायाच्या मोजमापाकडे वळले. मला वाटलं होतं तेवढे आम्ही कुणाच्या लक्षात नसतो.

अकरा पाट्या आल्या. घरात पेसाहची धांदल आहे, सण दहा दिवसांवर. कल्हईवाला अंगणात बसला आहे. पणजीच्या ताटाला कल्हई लागत नाही, पण आईने ते पेटीतून काढून बाहेर उन्हात ठेवलंय. या वर्षी सणाचं सगळं त्याच ताटात मांडणार म्हणते. बिनअक्षरांच्या ताटात? मी विचारलं. म्हणाली, "साहेबाला अक्षरं हवी होती. सणाला ताट लागतं."

सोमवार, ३ एप्रिल

शाळा भरली.

अकरापैकी नऊ आल्या. दोघींची घरची माणसं आयत्या वेळी फिरली, उद्या त्यांच्याकडे जाईन. कोठीत अजून सरकीचा वास आहे आणि फटींतून सरकी निघते. शकुनने पहिला तास ती वेचण्यात घालवला. एकीने पाटी चाटून पाहिली. एक रडली आणि तिला घरी पोहोचवावं लागलं. दुपारपर्यंत सहा जणींना "अ" आला. सातवीचा उलटा आला, पण आला.

आई सकाळपासून दाराशी बसून होती, मुलींच्या चपला राखायला म्हणे. त्यांच्यातल्या चौघींनाच चपला आहेत.

मुली गेल्यावर मी पाट्या गोळा करत होते तेव्हा ती आत आली आणि खाली बसली. म्हणाली, "मला एक नाव लिहायला शिकव."

मला वाटलं ती स्वतःचं म्हणेल, किंवा माझं.

"सिम्हा," ती म्हणाली.

मी सांगितलं, त्यात जोडाक्षर आहे, पहिल्या दिवशी नको, आधी सोपं काही घेऊ. तिने मान हलवली. हेच. मी पाटीवर मोठं लिहून दिलं आणि तिचा हात धरून वरून फिरवला. मग तिने हात सोडवून घेतला. पन्नास वेळा तरी काढलं असेल. पुसायची, काढायची, पुसायची. "म्हा" पडायचा, कधी नुसता "सि" राहायचा. मी जवळ बसून होते. तिच्या ओठांची हालचाल होत होती, पण आवाज नव्हता. माफी मागताना माणूस पुटपुटतो तशी. बोटं पांढरी, कपाळालाही लेखणी लागलेली. शेवटी एकदा नाव उभं राहिलं. वाकडं, पण कुणालाही वाचता येईल असं.

मी म्हटलं, छान, आता पूस, उद्या पुन्हा. आणि फडकं पुढे केलं.

तिने पाटी छातीशी धरली. "ही पुसायची नाही," म्हणाली, आणि उठून घरी गेली.

आईला असा हट्ट करताना मी कधी पाहिलं नव्हतं. एवढी नावं सोडून हेच का, हे मी विचारलं नाही, कधीतरी विचारेन. पाटी काही परत मिळायची नाही. बाबांना आणखी एक आणायला सांगितलं आहे, आणि पटावर बारावं नाव लिहिलं आहे.